छातीच्या आजारांवर रिसर्च करायचाय? ग्रँटचा अर्ज ओपीडीच्या रजिस्टरपासून सुरू करा

ग्रँटचा कॉल निघाला, म्हणजे रिसर्चच्या पैशासाठी अर्ज मागवले, की आमच्या चेस्ट डिपार्टमेंटमध्ये दरवर्षी तेच होतं, कुणीतरी नवीन लेक्चरर किंवा थर्ड इयरची रेसिडेंट मोबाईल पुढे करत येते आणि विचारते, मॅडम लास्ट डेट जवळ आलीये, काय टाकू? मी म्हणते आधी तो मोबाईल ठेव खिशात आणि मला सांग, या महिन्यात ओपीडीत कुठल्या पेशंटला बघून तुला वाटलं की याचं उत्तर आपल्याकडे नाहीये. तिथून अर्ज सुरू होतो. मी स्वतः हे उशिरा शिकले, माझा पहिला प्रपोजल नामंजूर झाला कारण त्यात तीन प्रश्न एकत्र कोंबले होते, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) पण, टीबी पण, हवेचं प्रदूषण पण, आणि रिव्ह्यूवरने सरळ लिहिलं होतं की एवढे पेशंट या सेंटरला मिळणार कुठून. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, मुख्यतः मेडिकल कॉलेजातल्या पोरापोरींसाठी आणि लहान गावात चेस्टची प्रॅक्टिस करता करता काहीतरी शोधायची इच्छा असलेल्या डॉक्टरांसाठी.

एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. पन्नाशीतली बाई, आयुष्यात विडी ओढलेली नाही, तीस वर्षं चुलीपुढे स्वयंपाक. दोनदा टीबी झाला, दोन्ही वेळा सहा-सहा महिने औषधं पूर्ण घेतली, कार्डावर पूर्ण बरी म्हणून नोंद आहे. आता जिना चढताना दम लागतो, सकाळी बेडका पडतो. एक्स-रेत जुने डाग दिसतात, थुंकी निगेटिव्ह, तरी कुठल्या तरी गावच्या डॉक्टरने एक्स-रे बघून तिसऱ्यांदा एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केली. तिला टीबी नाहीच आहे, टीबीने फुप्फुसाची जी खराबी केली ती मागे राहिलीये, हल्ली त्याला पोस्ट-टीबी लंग डिसीज म्हणतात. आता प्रश्न काय? आपल्या जिल्ह्यात टीबीचा कोर्स संपवणाऱ्या शंभरातल्या किती जणांची फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री, फुप्फुसाची ताकद मोजणारी) शेवटच्या दिवशीच बिघडलेली असते. बस. एक ओळ. ही एक ओळ तुम्हाला घरच्यांना सांगता आली आणि त्यांना कळली तर पुढचं सगळं जमतं.

लगेच काही जण म्हणतील की यात नवीन काय, ग्रँट तर नव्या कल्पनेला मिळते, एआय पाहिजे, जीनोमिक्स पाहिजे. मला हे फार लागतं, कारण आपल्याच इकडचा इतिहास वेगळं सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने लहान मुलांच्या न्यूमोनियावर जे काम केलं ते १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं, गावातल्या आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि अँटिबायोटिक द्यायला शिकवलं आणि त्या भागात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या भागाच्या तुलनेत ५४ टक्के कमी भरले. आता सुईणीला लिहितावाचता येत नाही, तर बाळाचे श्वास मोजायचे कसे? त्यांनी एक साधं ब्रेथ काउंटर बनवलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असं समजायचं. एवढंच. फुप्फुसाच्या इन्फेक्शनचं निदान लाकूड, वाळू आणि मण्यांवर. नवीन म्हणजे काय हे मला कुणी विचारलं की मी आधी हे सांगते.

दुसरं म्हणजे रेशन्स ट्रायल, झारखंडच्या चार जिल्ह्यांत झाली, डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांची, आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) इंडिया टीबी रिसर्च कन्सॉर्शियमचा पैसा होता. २,८०० टीबी पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंटला सगळ्यांनाच धान्य दिलं, फरक एवढाच की अर्ध्या बाजूच्या घरांत बाकीच्या माणसांनाही महिन्याचा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल आला, त्या घरांत नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी आणि फुप्फुसाचा पसरणारा टीबी ४८ टक्क्यांनी कमी. डाळ-तांदूळ हा इथे औषधासारखा तपासला, हिशोबाने, तुलनेचा गट ठेवून. आणि त्याच्याही आधी, १९५६ ला मद्रासमध्ये सुरू झालेला अभ्यास, टीबीचा पेशंट सॅनिटोरियमऐवजी घरी राहून औषधं घेऊन तितकाच बरा होतो हे तिथे सिद्ध झालं, त्यानंतर जगभरची सॅनिटोरियमं बंद होत गेली. तेव्हा नवेपणा मशीनमध्ये शोधू नका, प्रश्नात शोधा. मशीनच शोधायचं असेल तर तेही आपल्याकडे होतं, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं टीबी तपासायचं ट्रूनॅट बघा, बॅटरीवर चालतं, आरोग्य केंद्रात ठेवता येतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली.

आता पैसे कुठे आहेत ते.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, १९७९ पासून चालू आहे, आपण एसटीएस म्हणतो (टीबी प्रोग्रॅममधला एसटीएस वेगळा, तो सिनियर ट्रीटमेंट सुपरवायझर, गोंधळू नका). दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, ५० हजार रुपये, पण ते रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मिळतात, त्यामुळे खर्चाचा हिशोब त्या पैशावर बांधू नका. दोन महिन्यांत बसेल असा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ दम्याच्या पेशंटना इन्हेलर ओढायची पद्धत बरोबर येते का, शंभर पेशंट समोर ओढून दाखवायला लावायचे आणि कुठली स्टेप चुकते ती टिक करायची.

पीजी असाल तर थीसिससाठी आयसीएमआरची मदत असते आणि टीबीवर थीसिस असेल तर राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातूनही मिळते, त्यासाठी आपल्या कॉलेजच्या कोअर कमिटीतून स्टेट टास्क फोर्सकडे जावं लागतं. रक्कम मोठी नसते पण पहिल्यांदा यूसी, म्हणजे पैसे कुठे खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र, भरायची सवय लागते, ती पुढे फार कामाला येते. इंडियन चेस्ट सोसायटीसारख्या आपल्या संघटनाही छोट्या ग्रँट देतात, त्यांच्या कॉन्फरन्सच्या मेलकडे दुर्लक्ष करू नका.

फॅकल्टी झालात की आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल ग्रँट, म्हणजे बाहेरच्या संस्थांना दिलेले पैसे. २०२३ च्या कॉलपासून दोन गट झाले, स्मॉल ग्रँट म्हणजे २ कोटींपर्यंत, इंटरमीडिएट म्हणजे २ ते ८ कोटी, दोन्ही जास्तीत जास्त चार वर्षं. स्मॉल म्हणजे २ कोटी हे वाचून पोरं २ कोटींचा बजेट करायला बसतात. करू नका. आपल्या उदाहरणातला अभ्यास त्याच्या लहानशा भागात होतो आणि गरजेपेक्षा फुगवलेला बजेट पहिल्या पानावरच रिव्ह्यूवरच्या डोळ्यात येतो. अर्ज आयसीएमआरच्या ई-पीएमएस पोर्टलवर भरायचा, शेवटच्या दिवशी ते हळू चालतं, निदान चार दिवस आधी अपलोड करून टाका.

ज्यांना पूर्णवेळ रिसर्चमध्येच जायचंय त्यांना इंडिया अलायन्सची फेलोशिप, भारत सरकारचं बायोटेक्नॉलॉजी खातं आणि वेलकम मिळून देतात, डॉक्टरांसाठी क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थचा वेगळा गट आहे. तिथे प्रोजेक्टइतकंच माणसाला बघतात, आधी छोटा अर्ज, मग मोठा, मग इंटरव्ह्यू. तुमच्या हातात एखादं यंत्र किंवा किट असेल, समजा खोकल्याचा आवाज ऐकून काही सांगणारं किंवा स्वस्त स्पायरोमीटर, तर बायोटेक्नॉलॉजी खात्याच्याच बायरॅक या संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट बघा, ५० लाखांपर्यंत, १८ महिने, कॉल साधारण १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतो. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर बिगचं पार्टनर आहे, अर्ज भरायच्या आधी तिथे जाऊन बोला. आयआयटी मुंबईत बेटिक आहे, डॉक्टर आणि इंजिनियर एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं बनवतात, तुम्ही फक्त अडचण घेऊन गेलात तरी चालतं.

परदेशी पैशाचं थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या एनआयएचआरने (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) पैसे दिलेला रेस्पायर नावाचा श्वसनाच्या आजारांवरचा मोठा कार्यक्रम एडिनबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने उभा राहिला आणि पुण्याचं केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर त्यात भागीदार झालं, म्हणजे आपल्याकडच्या माणसांना हे जमतं. पण एकट्याने बाहेर अर्ज करायच्या आधी अकाउंट्समध्ये जाऊन विचारा की आपल्या संस्थेला परदेशी पैसा घेता येतो का, एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आहे का, आणि परदेशी संस्थेबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची परवानगीही लागते, त्याला वेळ जातो. पहिल्या ग्रँटसाठी मी हा रस्ता कुणाला सुचवत नाही.

आता खरं काम, अर्ज लिहायचं. आणि इथे मी रजिस्टरवर का अडून बसते ते कळेल.

आपला प्रश्न होता कोर्स संपवणाऱ्यांत किती जणांची टेस्ट बिघडलेली. सॅम्पल साइज, म्हणजे किती पेशंट लागतील, तो पीएसएमवाल्यांनी (कम्युनिटी मेडिसिन) शिकवलेलाच, ४पीक्यू भागिले एलचा वर्ग, पी म्हणजे अंदाजे टक्के, क्यू म्हणजे शंभर वजा पी, एल म्हणजे चालेल एवढी चूक. समजा आधीच्या अभ्यासांवरून अंदाज ३० टक्के धरला आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं, तर ४ गुणिले ३० गुणिले ७० भागिले २५, म्हणजे ३३६. त्यातले काही येणार नाहीत, काहींना फुंकायला जमणार नाही, वीस टक्के गळती धरा, ४२०. आता उठा आणि रजिस्टर काढा. मागच्या बारा महिन्यांत तुमच्या सेंटरला कोर्स पूर्ण करणारे प्रौढ पेशंट प्रत्यक्ष किती, महिनावार मोजा. महिन्याला १८ निघाले तर ४२० व्हायला दोन वर्षं लागतात. म्हणजे एक वर्षाचा प्रोजेक्ट लिहिला असतात तर अर्धवट राहिला असता. मग एकतर शेजारचं दुसरं टीबी युनिट जोडा किंवा कालावधी वाढवा. हा महिनावार तक्ता अर्जात जसाच्या तसा टाका, मी रिव्ह्यू करायला बसते तेव्हा असा तक्ता दिसला की मला लगेच वाटतं या माणसाने काम केलंय, आणि उलट 'पुरेसे रुग्ण उपलब्ध आहेत' एवढंच वाक्य असेल तर पेन तिथेच थांबतं.

बजेटचं पण तसंच. कोऱ्या एक्सेल शीटसमोर बसू नका, एका पेशंटच्या मागे मनातल्या मनात चालत जा. ती बाई सकाळी गावातून एसटीने निघाली, तिकीट. सोबत सून आली, तिचं तिकीट आणि तिचा बुडालेला रोज. इथे आली, फॉर्म समजावून सांगायला माणूस पाहिजे, त्याचा पगार. वजन, उंची. मग स्पायरोमेट्री, दर पेशंटला नवीन फिल्टर लागतो, माऊथपीस आणि नोजक्लिप, आणि हा फिल्टर टीबीच्या पेशंटमध्ये अजिबात वाचवायचा नाही. एकदा फुंकून होत नाही, तीन नीट फुंका मिळेपर्यंत करायचं, कुणाला सहा-सात वेळा लागतं, मध्ये बसवावं लागतं, पाणी द्यावं लागतं. मग सॅल्ब्युटामॉलचे चार पफ स्पेसरमधून, पंधरा मिनिटं थांबून परत फुंकायचं. म्हणजे एका पेशंटला टेक्निशियनचा पाऊण ते एक तास, त्यावरून दिवसाला किती होतील आणि किती टेक्निशियन लागतील ते आपोआप निघतं. मशीन रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजने तपासायचं, ती सिरिंज बजेटमध्ये टाकायला बहुतेक सगळे विसरतात, मशीनसोबत येईलच असं धरून चालतात. सहा मिनिटं चालायच्या टेस्टला तीस मीटरचा मोकळा कॉरिडॉर लागतो, त्याला पैसे नाही लागत पण स्ट्रेचर आणि खाटा हलवायला मेट्रनची परवानगी लागते, आधी विचारून ठेवा. ज्याला खोकल्यातून रक्त पडतंय त्याची टेस्ट पुढे ढकलायची, म्हणजे परत बोलवायचं, म्हणजे परत तिकीट. असं एकेका पेशंटचं करत गेलात की खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायला शब्द शोधावे लागत नाहीत.

संमतीपत्राबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आमच्या एका अभ्यासात मराठी फॉर्मवर 'श्वसनमापन चाचणी' असं लिहिलं होतं, भाषेत चूक काहीच नाही. एका आजींना वाचून दाखवलं तर त्या रेसिडेंटचा हात धरून म्हणाल्या, म्हणजे काय करणार गं बाई माझं? त्यांना वाटलं ऑपरेशन आहे. त्या दिवशी आम्ही सगळा फॉर्म परत लिहिला, 'या नळीत जोरात फुंकायचं, सुई नाही, भूल नाही, थोडा वेळ चक्कर आल्यासारखं वाटू शकतं.' फॉर्म आधी वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा, त्यांना कळला तर पेशंटला कळेल. अंगठा लावणाऱ्यांसाठी साक्षीदार लागतो आणि तो प्रोजेक्टमधला माणूस नको. एथिक्स कमिटी नोंदणीकृत आहे ना ते बघून घ्या, मीटिंगच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घ्या, दोन महिन्यांतून एकदा मीटिंग होत असेल आणि तुमची एक दुरुस्ती राहिली तर चार महिने गेलेच. ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, नंतर होत नाही, २०१८ पासून ती सोय बंद आहे. टीबीचे पेशंट असतील तर जिल्हा किंवा शहर क्षयरोग अधिकाऱ्यांना आधी भेटा, कागदी परवानगी तर लागतेच पण नि-क्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवरची माहिती, आरोग्यसेवकांची मदत, पेशंटला परत बोलावणं, हे सगळं त्यांच्या माणसांवर चालतं. त्यांना प्रोजेक्टमध्ये को-इन्व्हेस्टिगेटर म्हणून घ्या, नुसतं आभारात नाव नको, काम तेच करतात.

लिहिताना पहिल्या पानावर जागतिक आकडे ओतू नका. जगातला साधारण दर चौथा टीबी पेशंट भारतात आहे हे रिव्ह्यूवरला पाठ आहे. त्याऐवजी ती बाई लिहा, नाव-गाव न देता, चार ओळींत, आणि पाचव्या ओळीत प्रश्न. मग हे उत्तर मिळाल्यावर काय बदलेल ते. आपल्या उदाहरणात, कोर्स संपतानाच एक टेस्ट करून ज्यांची बिघडलीये त्यांना इन्हेलर, व्यायाम, लसीकरण सुरू करता येईल आणि उगाच दिलेली एकेटी टळेल. कोण ते बदलणार, राज्याचं टीबी कार्यालय, जिल्हा, की फक्त तुमचं कॉलेज, तेही लिहा. स्टॅटिस्टिक्सचा माणूस अर्ज लिहितानाच सोबत घ्या. आणि सबमिट करायच्या आधी चेस्टमध्ये नसलेल्या एका मित्राला वाचायला द्या, सर्जरीवाला चालेल, जिथे तो अडखळला ते वाक्य बदला.

नामंजूर झाला तर रिव्ह्यूवरची पत्रं त्या दिवशी वाचून बंद करा आणि आठवड्याने परत उघडा. प्रत्येक मुद्द्यापुढे तीनच गोष्टी लिहा, मान्य आहे आणि असं बदललं, मान्य नाही आणि कारण हे, किंवा त्यांना आपलं लिखाण समजलं नाही म्हणून परत लिहिलं. माझा तो पहिला प्रपोजल तीनातला एकच प्रश्न ठेवून दुसऱ्या ठिकाणी टाकला आणि मंजूर झाला.

मंजुरी आली की लोक पेढे वाटतात आणि मग सहा महिने काही हलत नाही. एका प्रोजेक्टला पैसे खात्यात येऊन पडले होते आणि स्पायरोमीटर यायला आठ महिने लागले, कारण खरेदीची फाईल एका सहीसाठी अडकली होती आणि आम्ही कुणीच पाठपुरावा केला नव्हता, प्रत्येकाला वाटलं दुसरा करतोय. त्यामुळे मंजुरीचं पत्र आलं त्याच आठवड्यात दोन फायली सुरू करा, खरेदीची आणि भरतीची, आणि दर सोमवारी दोन्ही कुठल्या टेबलावर आहेत ते एका वहीत लिहा. ३१ मार्च जवळ आला की यूसी, म्हणजे सरकारी खर्चाच्या नियमांतला जीएफआर १२-ए फॉर्म, आणि खर्चाचं स्टेटमेंट. पुढचा हप्ता त्याच्याशिवाय सुटत नाही आणि हप्ता सुटला नाही की टेक्निशियनचा पगार थांबतो, ती मुलगी घरभाडं कशाने भरणार याचा विचार पीआयने, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखाने, करायला हवा. बिलं महिन्याच्या महिन्याला अकाउंट्सला द्या, मार्चमध्ये एकदम नको.

आणि शेवटच्या वर्षाच्या बजेटमध्ये थोडे पैसे फोन आणि प्रिंटिंगसाठी ठेवा. प्रत्येक पेशंटला त्याच्या टेस्टचा मराठीतला एक कागद द्यायचा, लॅमिनेट करून, वर ठळक लिहायचं की थुंकी तपासून टीबी नाही, फुप्फुसात जुना डाग आहे, दम लागतो तो त्याचा. पेपर छापून येईल तेव्हा येईल. ती बाई पुन्हा खोकत कुठल्या तरी दवाखान्यात जाईल, नवीन एक्स-रे काढतील, तेव्हा चौथ्यांदा एकेटी लिहायच्या आधी तो कागद तिच्या पिशवीतून निघून त्या डॉक्टरच्या टेबलावर आला पाहिजे.